रीनाचं अचूक वाक्य

सिंदी मेघे, वर्धा
२ मार्च २०२५, रविवार

चि. कुंदन,

अनेक आशीर्वाद.

तू बरा असशील. चाकणच्या कंपनीत डबल शिफ्ट सुरू आहे असं तुझी आई रामबाई सांगत होती. पैसे मिळतात म्हणून जीव काढू नकोस, आणि वडापाववर दिवस ढकलू नकोस. इकडे मी ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते तू दहावीत होतास तेव्हाही कुरकुरायचे. माझ्या आईचं अंथरुणातच सगळं चालू आहे. ऊन आत्तापासून भाजायला लागलं आहे.

पत्र पाहून हसशील. मॅडमला मोबाइल वापरता येतो, मग हे काय काढलं? अरे, पाच मार्कांसाठी तुम्हा सगळ्यांना पत्रं लिहायला लावली, आता एक आपणही लिहून पाहावं. शिवाय फोनवर तू सारखं 'हो मॅडम, हो मॅडम' करतोस. ते ऐकलं की मला पुढचं बोलता येत नाही. तुझे तीन मेसेज आले. तिन्हींत बहिणीबद्दल एकच प्रश्न, 'रीना शाळेत काऊन नाई जाऊन राह्यली?' मी दोन महिने 'बघते, बोलते तिच्याशी' एवढंच कळवत राहिले.

आधी शाळेचं सांगते. आपली शाळा तुला आता ओळखू येणार नाही. आपल्या संस्थेचे सचिव हिरालालजी, सेलूच्या हार्डवेअरवाले, त्यांनी जूनमध्ये नागपूरच्या कुठल्याशा कंपनीला इंग्रजीचं काम दिलं. दहावीच्या वर्गात फळा गेला आणि भिंतभर टीव्ही आला. त्यात एक छान साडीतली बाई येते, गोड बोलते, पोरं तिच्या मागून म्हणतात. मी बाजूला रिमोट घेऊन उभी. पोरं मागून म्हणतात ते बरोबर की चूक, त्या बाईला ऐकू येत नाही आणि मला बोलायची सोय नाही.

कारण इंग्रजीच्या तासाला मराठी बंद. एक मराठी शब्द निघाला की लाल कार्ड, तीन कार्डं झाली की व्हरांड्यात उभं राहायचं. मी तक्रार घेऊन गेले तर हिरालालजी म्हणाले, "मॅडम, ट्रान्सलेशनचा जमाना गेला. पोरायनं डायरेक्ट इंग्लिशमंदी सोचलं पाह्यजे." मी म्हटलं, अहो, पोरं घरी कशात सोचतात ते कोणी पाहिलं का? ते हसले. मग म्हणाले, पट कमी झाला आहे, इंग्रजीचा एक शिक्षक अतिरिक्त ठरणार, तेव्हा जरा सांभाळून. निवृत्तीला माझी दोन वर्षं उरली. अतिरिक्त ठरले तर कुठे तरी आर्वी-आष्टीकडे पाठवतील, आणि घरी आईला पाणी द्यायला कोणी नाही. तेव्हापासून मी सांभाळून आहे. तुझी मॅडम भांडकुदळ होती ना? ती जूनमध्येच गप्प झाली.

तुमच्या वेळी आपण फळ्यावर तीन रकाने करायचो. येर, पाणी, वॉटर. गोंडी शब्द तू आजीला विचारून आणायचास, आणि तिला नाही आठवला तर मनचा ठोकून द्यायचास. मला दोन वर्षांनी कळलं ते! रीना तशी नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. "मॅडम, ही अन् शी ले एस लागते, मंग आय ले काऊन नाई?" याचं उत्तर मला तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. तीस वर्षांतल्या कोणत्याही बॅचमध्ये मला असं कोणी अडवलं नव्हतं. यंदा तिच्या प्रत्येक 'काऊन'ला कार्ड मिळू लागलं. दिवाळीपर्यंत तिने विचारणंच सोडलं. कंपनीच्या अहवालात तिच्या नावापुढे 'प्रगती उत्तम' असं आलं.

आता मुद्द्याचं लिहिते. तीनदा पेन खाली ठेवून चहा करून आले, आता चहाही संपला.

डिसेंबरात तुझ्या बाबांच्या, गोमाजींच्या छातीत दुखलं आणि त्यांना सेवाग्रामला नेलं, तो मंगळवार. सकाळी नेलं होतं, रीना शाळेत आली होती. त्याच दिवशी कंपनीचे साहेब वर्ग पाहायला यायचे होते. मागच्या बाकावर ते, शेजारी हिरालालजी, दोघांच्या हातात कागद. तास निम्मा झाला आणि शिपायाने मला चिठ्ठी दिली. तुझे नत्थूकाका गाडी घेऊन फाटकाशी उभे आहेत, रीनाला दवाखान्यात बोलावलं आहे. मी तिला खुणेनं जा म्हटलं. तिने दप्तर उचललं, दारापाशी थांबली, आणि नियमाप्रमाणे इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, आय अ‍ॅम कमिंग."

साहेब मोठ्याने हसले. वर्गही हसला. ते इंग्रजीत म्हणाले, तू तर इथेच आहेस, येतेस कुठून? मग माझ्याकडे पाहून म्हणाले, करेक्ट हर.

कुंदन, मला ठाऊक होतं ती काय म्हणते आहे. आपल्याकडे घरातून निघणारं माणूस काय म्हणतं, हे का मला कोणी सांगायला हवं? तुमच्या बॅचला मी याच वाक्यावर अख्खा तास घालवला होता. मराठीत एक वाक्य बोलले असते, तर त्या माणसालाही कळलं असतं. मी मागच्या बाकावरचे कागद पाहिले आणि म्हणाले, "नो, रीना. से, आय अ‍ॅम गोइंग."

तिने माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "जाते म्हनू, मॅडम? बाबा दवाखान्यात हाये न."

मी कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "इन इंग्लिश, रीना."

"आय अ‍ॅम गोइंग," ती म्हणाली. स्वच्छ म्हणाली, उच्चार अगदी टीव्हीतल्या बाईसारखे. साहेबांनी टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. ती गेली.

तिसऱ्या दिवशी गोमाजी वारले. तू मातीला आलास, तेव्हा मी तुझ्या बाजूलाच उभी होते आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं.

संक्रांतीनंतर मी घरी गेले. रामबाई म्हणाली, "मॅडम, पोरगी बोलूनच नाई राह्यली. मन नाई लागत म्हनते फकस्त." रीना मागे शेळ्यांना पाला टाकत होती. मी तिला समजवायला लागले. बाबांना हृदयाचा झटका होता, डॉक्टरांनी केलं ते केलं, शब्दांनी कोणी मरत नसतं बाई, ते नुसतं व्याकरण होतं.

ती म्हणाली, "मॅडम, तुमीच त सांगत होत्या, एक शब्द चुकला का अर्थ बदलते."

खरंच सांगत होते. तीस वर्षं घसा कोरडा करून तेच सांगत होते. तिथून मी चपला शोधत उठले. माझ्या घरची रीत म्हणून निघताना तोंडून 'येते गं' गेलं, आणि तिने मान फिरवली.

हॉल तिकीट आलं तेव्हा शाळेतून मीच मागून घेतलं, पोचवीन म्हणून. दोनदा सेलूच्या स्टँडवरून परत फिरले. तिसऱ्यांदा नेऊन दिलं, तर रामबाईने कपाळाला लावून गोमाजींच्या फोटोमागे ठेवलं. काल इंग्रजीचा पेपर होता. मी केंद्रावर फाटकाबाहेर साडेअकरापर्यंत तिची वाट पाहत उभी होते. तुझी काकू म्हणते, एप्रिलमध्ये मारेगावकडचे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत. मुलगा बांधकामावर असतो. तू मोठा भाऊ आहेस, तुला विचारतीलच. तू नाही म्हणशील. पण रीना हो म्हणणार आहे, मी तिचा चेहरा पाहिला आहे.

टीव्ही जूनपासून नववीतही लागणार. माझं नाव अतिरिक्तच्या यादीत नाही. तो तास मीच घेणार आहे.

तू शेवटच्या मेसेजमध्ये लिहिलंस, 'मॅडम, ते कोनाचंच ऐकत नाई, फक्त तुमचं ऐकते.' ऐकलं रे तिने.

तुला शिव्या द्याव्याशा वाटल्या तर दे, मराठीत दे, गोंडीत दे. माफ मात्र करू नकोस.

तुझ्या बहिणीची इंग्रजीची बाई,
अन्नपूर्णा