देठावरची लव

१० मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

सोबत टीपकागदात दाबलेलं फूल आहे. नव्या रस्त्याच्या मोजणीला गेले तेव्हा ओढ्यापलीकडच्या रानात दिसलं. झाडांना अजून पालवी नाही, आणि पाचोळ्यातून ही पांढरी फुलं हजारांनी वर आलेली! रानातली मूळची जात असावी. पण बागेतून रानात पसरलेली जातही हुबेहूब अशीच दिसते, फरक फक्त देठावरच्या लवेचा, असं तुम्हीच शिकवलंत. मला लव वाटते, पण छातीठोक सांगवत नाही. मूळची ठरली तर रस्ता रान सोडून वळवतील, नाहीतर झाडं पडतील. साहेब म्हणतात, तुमच्या मामांचा दाखला आणा, मग कोणी शंका घेणार नाही.

मामींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, उत्तरही लवकर यावं.

आपली,
छबू

१६ मार्च

चि. छबूस अ. उ. आ.

डोळे झाकून सांगतो, बागेतलंच. तुला दिसली ती लव नव्हे, टीपकागदाचे तंतू. लहानपणी तुला गवतालाही मिशा दिसायच्या, ते आठवून हसू आलं. चाळीस वर्षं संग्रहालयात फुलंच ओळखली, आता काय चुकणार? दाखला सही करून जोडलाय. मामी म्हणते, मी हल्ली पेपर उलटा धरतो. तिच्या जिभेला हाड नाही.

प्रकृतीला जप, मामाला विसरू नकोस.

तुझा मामा

९ सप्टेंबर

चि. छबूस आशीर्वाद.

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस तुम्ही पाहत तरी काय होतात? काल पट्टी सुटल्यावर आधी तुझं फूल काढलं. देठावर लव आहे. भिंगाशिवाय दिसते. मार्चात मला नुसता पांढरा ठिपका दिसला होता, आणि दिसत नाही म्हणायची लाज वाटली.

मी तुझ्या कार्यालयात येतो, चूक लिहून देतो. काही करता येईल का, एवढंच कळव. आशीर्वाद द्यायलाही आज हात धजत नाही.

मामा

२२ सप्टेंबर

ती. मामांस सा. न.

तुम्ही येऊ नका. रान जूनमध्येच तोडलं. बुंधे उपटले, वरची माती कंदांसकट भरावाला गेली. हे फूल आणखी कुठे उरलंय का, म्हणून सगळीकडे विचारलं. कुठेच नोंद नाही.

बोटाला लव लागली होती तरी मी गप्प बसले, म्हणून सगळं तुमच्या माथी मारत नाही. पण राग गेलाय असं खोटं कसं लिहू?

तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, बाई, अहवाल दुरुस्त करा, पण फूल आहे लिहिणार की होतं?

मी 'होतं' लिहिलं.

डोळ्यांत औषध वेळेवर घाला. लोभ ठेवा, मला जमेल तसा मीही ठेवीन.

छबू