बांधाकडच्या पातीची वारस

लिहून ठेवते मी, साखराबाई भ्रतार सटवा, वय सत्तरीच्या आतबाहेर, धंदा खुरपणीच्या टोळीची पुढारीण, राहणार मौजे कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड, ऐसाजे : माझी अक्कलहुशारी शाबूत आहे. शंका असेल त्यानं घटकाभर माझ्याशी बोलून पाहावं, तोच दमेल. कोणाचा जोर नाही, जुलूम नाही. आज ऋषीपंचमी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, टोळी घरी आहे आणि मला रिकामं बसवत नाही, म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे. बापानं सहा महिने पंतोजीकडं बसवलं, तेवढ्यात शेळी व्याली आणि माझी शाळा सुटली.

कलम एक. राहतं घर, दोन खण, मुलगा धोंडीराम यास. पन्हाळ गळते तीही त्यालाच. पाच पावसाळे सांगते आहे.

कलम दोन. हातातले चांदीचे गोट नात वच्छला हिला. पाटा-वरवंटा थोरल्या जावेला. चाळीस वर्षं डोळा ठेवून आहे बाई. घेऊ दे, वाटण वाटताना तरी माझं नाव काढील.

कलम तीन, टोळी. कचेरीतल्या साहेबांना कळावं म्हणून सांगते, रानात ओळीनं बसून खुरपताना एकेका बाईच्या वाट्याला जो पट्टा येतो ती पात. आम्ही बारा बाया. टोळी माझी मालमत्ता नव्हे हे मला समजतं. पण पुढारी नसला तर दसऱ्याच्या आत पांगतील, आणि सईदासारखीला तान्हं लेकरू घेऊन दुसरं कोण कामाला बोलावणार?

धोंडीरामानं आष्टीच्या बाजारातून छत्री आणली आहे. म्हणतो, "आई, तुझ्यामागं टोळी माझीच की."

मी विचारलं, "बाबा, तू कोणती पात धरणार?"

"मी कावून पात धरू? मी तर पुढारी!"

तिथंच निकाल लागला.

बांधाकडची पात पुढाऱ्याची. तिथं हरळी असते, काटे असतात, कधी इंचू. पाणी पुढाऱ्यानं शेवटी प्यावं, गडूत उरेल तेवढं. आपली पात संपली की मागं राहिलेलीला हाका मारू नयेत, समोरून तिच्या पातीत शिरावं. सईदा लेकराला पाजायला उठली की शेजारच्या दोघी तिची पात ओढतात आणि ती परत आल्यावर एकही बाई त्याचं बोलत नाही. बोलली तर मी बघते तिच्याकडं.

हे मी आईच्या पोटातून शिकून आले नाही. पहिल्या साली मीही बांधावर उभी राहिले होते, कमरेवर हात ठेवून. आदल्या दिवशी पाऊस झालेला. टोळीतली कडूबाई म्हणाली, "साखरे, वाफसा न्हाई. माती खुरप्याला चिकटतीय. दोन दिस थांब."

मी म्हणाले, "पुढारीण तू का मी?"

सगळ्यांनी चिखल तुडवला. चार दिवसांत रान विटेगत कडक झालं, बाजरी पिवळी पडली. रानाचा मालक आला. बायांकडं बोट दाखवायला मी हात अर्धा उचललाही होता. मग कडूबाईकडं नजर गेली. मी म्हणाले, "चूक माझी. यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई." मालकानं लई फैलावर घेतलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या बाया कामाला आल्या, एकही घरी राहिली नाही. तेव्हापासून कडूबाई मला सोडत नाही. धोंडीरामाच्या लग्नात हळद लावताना कानात म्हणाली, "वाफसा आलाय का गं पोराला?"

कलम चार. या श्रावणात मीच पुन्हा घाई केली. तेव्हा सून शिवकन्या सगळ्यांदेखत म्हणाली, "आत्याबाई, आज पात धरू नका. रानाला वाफसा न्हाई."

सुनेनं सासूला! अंगाचा तिळपापड झाला. तरी वाकून मूठभर माती दाबली. गोळा झाला, काही केल्या फुटेना. कडूबाई तोंडात पदर कोंबून हसत होती. आणि खरं सांगते, घरी येईपर्यंत मीही हसत होते. तिच्यासाठी शिरा केला, वर म्हणाले, "चुलीपाशी मात्र असं बोलशील तर बघ."

तरी माझं खुरपं, पाण्याचा पितळी गडू आणि बांधाकडची पात शिवकन्येस. बायांना ती नको असेल तर बाया ठरवतील तिला गडू द्यावा, कोणी भांडू नये. धोंडीरामाची छत्री धोंडीरामाकडंच राहावी. ती त्यानं सईदाच्या लेकरावर धरावी.

साक्षीदारांना वाचून दाखवलं. ख्वाजा शिकलगार, आमच्या खुरप्यांना धार लावणारे, यांनी सही केली. कडूबाईनं चिखलाची हकिकत दोनदा वाचायला लावली. मग आम्ही दोघींनी अंगठे शाईत बुडवले, तिनं आपला कागदाकडं नेला, तर शिवकन्या मागून म्हणाली, "मावशी, थांबा. ख्वाजाभाईंची शाई ओली हाय, फिसकटंल."

कडूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. आम्ही दोघी अंगठे वर धरून बसलो, शाई वाळेपर्यंत.

सही : साखराबाई भ्रतार सटवा (स्वहस्ते, शिवाय अंगठा)
साक्ष : ख्वाजा शिकलगार
साक्ष : कडूबाई, निशाणी डावा अंगठा
मुक्काम कडा, भाद्रपद शुद्ध पंचमी, शके १८४८, फसली १३३५