माळ्यावरचा हिरवा गहू

मूल,
२३ नोव्हेंबर १९९८

प्यारी आपा,

सलाम. इकडे सगळे खुशाल. सिरोंच्यालाही सगळे खुशाल असतील, अशी दुआ करते. भाईजानांना माझा सलाम सांग. मदीहा सहामाहीत गणितात काठावर पास झाली, तेव्हा पोरगी माझ्यावर गेली यात शंका नाही. माझे टाके भरले आहेत. नागपूरच्या डॉक्टरांनी काढलेली गाठ साधीच निघाली म्हणून बरं, नाहीतर तुम्हा सगळ्यांना किती ताप झाला असता.

आता मुद्द्याचं लिहिते. हे पत्र भाईजानांसमोर मोठ्याने वाचू नकोस. मला ह्यांचा संशय येतो आहे.

हसू नकोस. बांगडीवाल्याशी निकाह लागला तेव्हाच तू मला म्हणाली होतीस, की दिवसभर परक्या बायकांचे हात हातात धरणारा माणूस आहे, डोळ्यांत तेल घालून राहा. पण चौदा वर्षांत मी कधी चकार शब्द काढला नाही. दुकानात बायका खिदळतात, भाव पाडतात, ‘कमरुद्दीनभाऊ, हळू ना’ म्हणतात, आणि हे खाली मान घालून बांगड्या चढवतात. त्यात मला कधी काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते आता, आणि दुकानात नाही, घरात.

दसऱ्यापासून हे पहाटेची नमाज झाली की माळ्यावर चढतात. तेलाचे पत्र्याचे डबे आडवे कापून त्यांनी पसरट ट्रे केलेत आणि त्यात माती भरून गहू पेरलाय. गहू! आपण भात खाणारी माणसं, आपल्या घरात गहू पाहुण्यांसाठी येतो. हे मात्र बाजारातून निवडक गहू आणतात, रात्री भिजवतात, फडक्यात बांधतात, मोड आले की मातीवर पसरून वर ओलं पोतं टाकतात. दोन दिवसांनी पोतं काढून डबे खिडकीपाशी सरकवतात. वीतभर हिरवं गवत आलं की कातरीने कापायचं, पाट्यावर वाटायचं, मलमलीतून पिळायचं. जो माणूस स्वतःचा चहाचा कप उचलत नव्हता, तो आता वरवंटा धुऊन ठेवतो.

मी विचारलं, “हे काय करून राह्यले तुम्ही?”

“धंदा करून राह्यलो. नागपुरात लोक याचा रस पिऊन राह्यले. इथीही चालल.”

“मग विकत काऊन नाई?”

“आंधी तू पी. तुले पचला तर दुसऱ्याले देऊ.”

म्हणजे मी उंदीर! तर रोज सकाळी अर्धा पेला हिरवा रस माझ्या पुढ्यात येतो. बैल झाल्यासारखं वाटतं गं पिताना. परवा मदीहाने मागितला तर ह्यांनी तिला डोळे दाखवले. म्हणे तिच्यासाठी नाही. ‘पिऊन घे वं, थंड असते’ असं मला म्हणतात आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाहीत. आजवर दुकानाचा एकही बेत पंधरा दिवसांच्या वर न टिकवलेला माणूस हा धंदा मात्र एक पैसा न मिळवता दीड-दोन महिने चालवतोय. तूच सांग, माणूस बायकोची एवढी उठाठेव कधी करतो? मन खात असतं तेव्हाच.

त्यात ती नीलाबाई. जंगलातल्या गावाहून येते, डोक्यावर टोपली, टोपलीत बांबूच्या दाट रांजीखालची काळी माती. पूर्वी चारोळी घेऊन यायची तेव्हा हे तिला ओळखतही नव्हते. आता ती आली की हे दुकान सोडून मागच्या दाराशी जातात. दोघं हळू आवाजात बोलतात. मी गेले की गप्प. एकदा ती माझ्याकडे बघून चक्क हळहळली. सवतीला बघून हळहळणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि सासूबाई! माझ्या हातच्या सालनाला दिवसातून तीनदा नावं ठेवणारी बाई परवा म्हणते, “यंदाचे रोजे राहू दे बेटा. पुढच्या साली ठेवजो.” चौदा वर्षांत पहिल्यांदा बेटा म्हणाली आणि मान फिरवून तांदूळ निवडत बसली. आई मुलाचं पाप झाकते आहे, असं मी मनात धरलं.

मग मला बांगड्या सापडल्या. माळ्यावर, गव्हाच्या पोत्यामागे, कागदात गुंडाळलेल्या, हिरव्यागार, बारीक सोनेरी रेघ असलेल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथल्या दुकानात लावायच्या मालातल्या नव्हत्या, कारण तो माल मीच मोजून बांधते. कागदावर ह्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने माप लिहिलं होतं, दोन-चार. आपा, माझं माप दोन-सहा. लग्नात दोन-सहाच्या बांगड्या चढवताना तू साबण लावलास आणि मी रडले, हे तुला आठवत असेल. त्या रात्री मी जेवले नाही. बारीक मनगटाची ती कोण, याचा विचार करत मूल गावातल्या सगळ्या बायकांची मनगटं मनातल्या मनात तपासली. नीलाबाईचं मनगट बारीक आहे.

मग परवा हे मंडईला गेले असताना नीलाबाई टोपली घेऊन आली. मी म्हटलं, आज सोडायची नाही. तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला, वर साखर जास्त घातली.

“कमरुद्दीनभाऊ कुठी हायेत?”

“मंडईले गेले. काऊन, मायाजवळ माती देता येत नाई का?”

“येते ना बाई.” ती फुंकून चहा प्यायली.

“आमच्याच घरी देता का माती, का आणखी कोनाले?”

“आंधी राइस मिलजवळच्या मास्तरीनबाईच्या घरी देत होतो. आता बंद झालं.”

“काऊन बंद झालं?”

“त्या गेल्या ना. दिवाळीच्या आंधीच.” तिने कप खाली ठेवला. “ज्याच्या घरी ते गाठीची बिमारी हाय, तेच लोक नेतेत ही माती. गव्हाचा रस पाजतेत बिमार मान्साले. कोनाले गुन येते, कोनाले नाई येत. तुमच्या घरी कोन हाय बाई? भाऊ काई सांगत नाई. म्हातारी का?”

अंगणात सासूबाई लाकडं फोडत होत्या. सत्तरीच्या बाईची कुऱ्हाड कशी खणखणीत पडत होती, ते आम्ही दोघींनी ऐकलं.

“हो,” मी म्हटलं. “म्हातारी.”

नीलाबाईने माझ्याकडे पाहिलं आणि टोपली रिकामी केली. मातीचे पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर मी माळ्यावर चढले. बांगड्यांची पुडी उघडली आणि एक बांगडी हातात चढवून पाहिली. साबण लागला नाही, आपा. बोटं जुळवावीसुद्धा लागली नाहीत. माझ्या हातातल्या जुन्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात, हे मी दिवाळीपासून पाहत होते. पण काच झिजत नाही आणि बांगडी मोठी होत नाही, एवढं साधं गणित मला सुचलं नाही. ह्यांना सुचलं. हात न दाबता नुसत्या नजरेने माप सांगणारा माणूस आहे हा.

काल रात्री जेवणं झाल्यावर हे पुडी घेऊन आले. कागद बदललेला होता, पेन्सिलीचा आकडा नव्हता. म्हणाले, “मंडईतून आनल्या तुयासाठी. तुयाच मापाच्या हायेत, दोन-सहा.”

मी हात पुढे केला. त्यांनी एकेक बांगडी चढवली, अगदी हळू, जणू घट्टच आहे अशी, मधे थांबून, पंजा दाबून. मीही एकदा ‘आई गं’ म्हटलं. दोघंही बऱ्यापैकी नाटक करतो आम्ही. मग ते माळ्यावर गहू भिजवायला गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

आता तुझ्यावरचा संशय. तुला काय वाटलं, तू सुटलीस? नागपुरात रिपोर्ट आणायला तू आणि हे गेला होतात आणि मी लॉजवर पडून होते. परत आल्यावर हे गाडीची वेळ विचारायला म्हणून जे बाहेर गेले ते संध्याकाळी आले, आणि तू मला संत्री सोलून देत बसलीस. शिरासुद्धा काढल्यास. मी लहानपणी तापाने फणफणले होते तेव्हाही तू माझ्यासाठी कधी काही सोललं नव्हतंस. आणि मागच्या पत्रात तू लिहिलंस, ‘अम्मीचं पानदान तुझ्याकडेच राहू दे.’ अम्मी गेल्यापासून तुझं असं एक पत्र आलं नाही ज्यात तू ते पानदान मागितलं नाहीस. मला चोर म्हणालीस, लबाड म्हणालीस, भाईजानांना मधे घातलंस. आणि आता राहू दे?

मी घाबरले आहे आपा. रात्री मदीहाच्या केसांना तेल लावताना हात थांबतो. स्वतःची वेणी घालायला अजून तिला येत नाही. पण ह्यांना मी विचारणार नाही. विचारलं तर त्यांना सांगावं लागेल, आणि मग उद्या माळ्यावर चढायला त्यांच्या पायात बळ राहणार नाही. रस मी पिते आहे, तोंड वाकडं न करता. डब्यांवर पाणी शिंपडायलाही आजपासून मीच जाईन म्हटलं, तर हे नको म्हणाले. तेवढं त्यांच्याकडे राहू दिलं.

तुझ्याकडे मात्र मागते. सांत्वन करू नकोस, दुआ आणि तावीज पाठवू नकोस. बचावाची थोडीही आशा डॉक्टरांनी सांगितली असेल, तर पुढच्या पत्रात पानदान माग. नेहमीसारखं चिडून माग, चोर म्हण, उरूसाला येऊन घेऊन जाते अशी धमकी दे. आणि तसं नसेल तर काहीच लिहू नकोस त्याबद्दल. मी समजून घेईन आणि मदीहाला वेणी घालायला शिकवीन.

तुझी, पानदान अजून न दिलेली,
सलीमा