नकाशात न घातलेलं वळण

मामा,

तुम्ही टाकलेली केबल परवा सापडली. गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रामागं, रस्त्याच्या कडेला, दोन हात खाली. वरच्या विटा तुम्ही लावून घेतल्या होत्या तशाच, एकीला एक चिकटून. तीस वर्षं होत आली, पण एक वीट हललेली नाही. खड्ड्याच्या काठावर उभी होते तर मला धड बरंही वाटेना आणि रडूही येईना. खरं सांगू का, आताशा मला कशाचंच फारसं काही वाटेनासं झालंय. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत, गुडघे कुरकुरतात, आणि माझ्या पदाचं नाव ऐकून ऑफिसातली नवी मुलं हसतात. 'अनुरेखक म्हणजे काय करायचं असतं, मॅडम?' नकाशावर पातळ कागद ठेवून शाईनं गिरवायचं असतं, असं सांगितलं की त्यांना मी चेष्टा करतेय असं वाटतं. मग मी सांगायचंही सोडून दिलं.

ऑफिसात आता एक चष्मा आलाय. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात त्याला. तो घातला की समोर जे आहे ते दिसतंच, शिवाय डोळ्यांना जे दिसत नाही तेही त्याच्यावर उमटतं. ट्रान्सफॉर्मरकडं बघितलं की तेलाचं तापमान शेजारी लिहून येतं. कुठला स्विच आधी पाडायचा, कुठला नंतर, हे ओळीनं दिसत जातं, आणि क्रम चुकला तर लाल खूण येते. एखाद्याचं घोडं अडलंच तर मोठ्या शहरातला तज्ज्ञ खुर्चीत बसून इथल्या माणसाच्या डोळ्यांनी बघतो आणि सांगतो, तो नाही, त्याच्या डावीकडचा नट. जमिनीकडं मान वळवली की खालून गेलेल्या केबली निळ्या रेघांनी दिसतात. तुम्ही असता तर चष्मा चार वेळा उलटापालटा केला असता आणि म्हणाला असता, 'लय भारी हाय ताई, पर ह्याला हे समदं सांगतंय कोन?'

सांगते मी, मामा. गेलं वर्षभर कपाटातून जुने नकाशे काढून मी त्यांना देतेय. काहींना कसर लागलीय, काहींचे कोपरे उंदरांनी खाल्लेत. आमचे इंजिनियर साहेब माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, पण पोरगा गुणी आहे. तो ते नकाशे यंत्रात घालतो, दोन-चार खांबांच्या जागा जुळवतो, आणि मी नव्यानं नोकरीला लागले तेव्हा गिरवलेली रेघ जमिनीवर निळी होऊन पडते. इतकी सुबक दिसते की खोटी असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तेव्हाच्या साहेबांनी मापं बघायला म्हणून मला तुमच्याबरोबर पाठवलं होतं. मजूर त्याच गावचे. दुपारपर्यंत चर सरळ येतो आणि मग एकदम कुदळी थांबतात. तुम्ही तंबाखू मळत विचारता, 'काय रे, दम लागला का?' तेव्हा एक बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवते आणि म्हणते, 'मामा, हितून म्होरं आमची लेकरं हायती.' लहान लेकरं जाळत नाहीत, पुरतात. गावानं ती त्या कडेला पुरलेली. दगड नाही, खूण नाही. माझ्या हातातल्या नकाशात त्या जागी नुसतं 'पडीक' लिहिलेलं होतं, तेही माझ्याच अक्षरात. तुम्ही तिला एकही प्रश्न विचारला नाही. पायानं मातीत रेघ ओढली, रस्त्याच्या अंगानं बारा पावलांचा वळसा घालून, आणि म्हणालात, 'हितून घ्या. केबल काय, वाकती.' कुदळी पुन्हा सुरू झाल्या. त्या बाईनं पाटी उचलली, पण परत जाताना तिनं तुमच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मी बघितली होती.

चार दिवसांनी तुम्ही ऑफिसात आलात. टेप लावून घेतलेली मापं बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहिलेली. 'ताई, एवढं वळण नकाशात घाला.' मी 'घालते' म्हणाले. घालायचं म्हणजे सुकलेली शाई ब्लेडनं खरवडायची, नव्यानं ओढायची आणि साहेबांची परत सही घ्यायची. साहेब विचारणार, मंजूर रेघ सोडून केबल वाकडी का गेली, आणि उभा करून झाडणार. त्यांना भिऊन मी वेळ मारून नेली. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, तेव्हा उपकेंद्रातल्या जुन्या रबरी चटईचा एक तुकडा माझ्यासाठी घेऊन आला होतात. 'दिवसभर हुब्या ऱ्हाता, ह्यो पायाखाली घाला, फरशी लय गार लागती.' मी चटई घेतली. त्या दिवशीही वळण घातलं नाही. तिसऱ्यांदा मात्र तुमचा आवाज चढला होता. तुम्ही माझ्यावर रागावलेलं मला तेवढं एकदाच आठवतं. 'तुमी इसरायलात ताई. कागदावर चुकलं तर ब्लेड हाय. तितं चुकलं तर मानूस जातंय.' मला राग आला. लाइनमननं मला शिकवावं, असं काहीतरी डोक्यात आलं. तुम्ही चौथ्यांदा विचारलं नाही. तो कागद माझ्या ड्रॉवरमधे कितीतरी दिवस होता, पुढं टेबल बदललं आणि गेला.

परवा सौर वाहिनीचा नवा खांब रोवायचा होता. चष्म्यात बघून जागा ठरवली. निळी रेघ बारा पावलं लांब, म्हणजे मोकळी जमीन. तिथं चुन्यानं गोल केला आणि वीज बंद करायची गरज नाही असं ठरलं. मला नकाशा जुळवायला नेलेलं. एक मजूर पहार घेऊन पुढं झाला. मामा, मी लगेच ओरडले नाही. मनात म्हटलं, आपल्याला नीट आठवत नसेल, एवढ्या वर्षांची गोष्ट, चष्मा काय खोटं बोलतो? त्यानं दोनदा पहार घातली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'थांब! खाली केबल आहे!' सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी वीज बंद करायला लावली, हातानं माती काढली, आणि तुमच्या विटा लागल्या. तो मजूर तिथंच खाली बसला. त्याला कुणी पाणी दिलं.

मग साहेबांनी विचारलं, 'मॅडम, नकाशात रेघ तिकडं आणि केबल इकडं, हे कसं?' आणि मी म्हणाले, 'त्या वेळच्या लाइनमननं परस्पर फिरवली असेल. आम्हाला कुठं कळवलं?'

हे म्हणायला मला विचारही करावा लागला नाही, याचंच जास्त वाटतं. तुम्ही काही उत्तर द्यायला येणार नव्हतात. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, आणि सोमवारी लेखी द्या म्हणाले, म्हणजे वरच्या ऑफिसला पाठवता येईल. आज रविवार. सकाळपासून कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते. दुपारी लिहिलं एकदाचं. दोनच ओळी झाल्या. माप मला वेळेवर मिळालं होतं, तीन वेळा सांगूनही नकाशात मी घातलं नाही. खाली सही केली. आठ महिन्यांसाठी मला कोण काय करणार आहे? पेन्शनची भीती मुलगा घालतो, पण त्याला मी सगळं सांगितलेलंच नाही. तो कागद उद्या देईन. त्याच वहीतला दुसरा कागद फाडून हे तुम्हाला लिहितेय. हा देण्यासारखा नाही, आणि कुणाला द्यायचा? तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकला तर तुमच्या लेकीच्याच हातात पडेल.

तिच्यामुळंच तर हे पत्र लिहायला बसले. तुमची धाकटी, तुम्ही गेलात तेव्हा शाळेत होती ती. तुमच्या जागेवर लागली आणि आता त्याच उपकेंद्रात तंत्रज्ञ आहे. तुम्ही मला ताई म्हणायचात म्हणून ती मला आत्या म्हणते. खांबावर चढते तेव्हा खाली उभ्या असलेल्या पुरुषांनाच घाम फुटतो. परवा चष्मा तिच्याच डोळ्यांवर होता, चुन्याचा गोल तिनंच केला होता, आणि मी साहेबांना जे सांगितलं ते तिनं शेजारी उभं राहून ऐकलं. तिनं चष्मा काढून पेटीत ठेवला. मग गाडीत बसायच्या आधी माझ्याजवळ आली. म्हणाली, 'आत्या, बाबाकडनं लय मोटी चूक झाली. आज ते मानूस गेलं असतं. त्येंच्या वतीनं मी माफी मागते.' आणि ती वाकून माझ्या पाया पडली.

मी तिला उठवलं, मामा. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, असू दे.