बंधाऱ्यातलं पिल्लू

५ मार्च
सकाळी प्रवरेच्या बंधाऱ्यावर. पाणमांजराची मादी पिल्लाला पोहायला शिकवत होती. मानगूट धरायची, सोडायची, बुडालं की उचलायची. लेकीला, माधवीलाही मी लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून याच पाण्यात ढकललं होतं.
आज तिचा सावेडीहून फोन. संदीपशी लग्न नक्की. जावई गेल्यापासून पहिल्यांदा आवाजात जीव होता. नात इराही त्यांच्याकडेच राहणार. दुसऱ्याचं मूल आपणहून मागतो, माणूस चांगलाच.

९ मार्च
नवा नर आलाय. दांडगा. त्याने पिल्लू पाण्याखाली दाबून धरलं. मादी चावत होती, किंचाळत होती. मी दगड मारले, एकही लागला नाही. मग पिल्लू तरंगायला लागलं.
शेजारचे बाळूतात्या म्हणाले, "नवा नर आधीचं पिल्लू ठेवत न्हाई, गुरुजी."
माहीत आहे. वर्गात सिंहाचं उदाहरण द्यायचो. पोरं गप्प व्हायची, मी पुढचा मुद्दा घ्यायचो.
जेवण गेलं नाही.

१८ मार्च
मादी त्याच नराला अंग घासत होती. परत तिकडे जायचं नाही.

२ एप्रिल
लग्न झालं. आटोपशीर. इरा संदीपच्या खांद्यावर झोपली. मी त्याचे हात बघत बसलो. लाज वाटते. त्याने काय केलंय?
माधवीला म्हणालो, इराला देवळालीत माझ्याकडे ठेव.
"का, बाबा?"
इथली शाळा चांगली आहे म्हणालो.

२० एप्रिल
तिघं सुट्टीला आले. संदीप इराला पोहायला शिकवणार. माळ्यावरचा डबा त्यानेच शोधून काढला. विहिरीवर जा म्हटलं. इराला नदीच हवी.

२३ एप्रिल
आज त्याने डबा सोडला. "आता जमेल तिला." इराचं डोकं पाण्याखाली गेलं. त्याचा हात तिच्या मानेवर.
पुढचं नीट आठवत नाही. मी कपड्यांसकट छातीभर पाण्यात, त्याचं मनगट धरून. इरा वर आलेली, हसत होती. "आजोबा, तुम्हालापण शिकायचंय?"
संदीप हसला नाही. हळू म्हणाला, "बाबा, मी उचलतच होतो तिला."
उचलतच असणार.
त्याच्या मनगटावर माझ्या नखांचे ओरखडे आहेत. जेवताना माधवीने ते पाहिले. नंतर भांडी आवरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या तुम्ही नदीवर येऊ नका."
डबा मी माझ्या पलंगाखाली ठेवलाय.