सुखात पहिला नंबर

३ मार्च
आजपासून रोजनिशी. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हा पहिला नियम.
शहरातून सर्वेवाली आलीय. बेटांवरची माणसं किती सुखी, ते बघणार म्हणे. आमचं बेट आणि समोरचं. त्यावरून एकालाच दवाखान्याची बोट मिळणार, दर आठवड्याला, डॉक्टरसकट. थोरल्या जाऊबाईंना ती हवीच. दमा आहे. शहरात न्यायचं म्हणजे अर्धा दिवस लाटांवर, पोचेपर्यंत जीव नकोसा होतो त्यांना. मी ठणठणीत. गुडघा तेवढा कुरकुरतो.

४ मार्च
बोट म्हणजे बक्षीस. बक्षीस पहिल्या नंबराला. मी सातवी पास आहे, मला कळतं. पोस्टमास्तर म्हणाले, वहिनी, आधी नीट विचारून तरी घ्या. म्हटलं, तुम्ही तिकिटं चिकटवा.
नियमाला सूट: हे नाक खुपसणं नाही, समाजकार्य आहे.

६ मार्च, दुपार
घरोघर प्रॅक्टिस. काहीही विचारलं की 'झकास' म्हणायचं. पाणी? झकास. वीज? झकास. होडीवाला म्हणाला, काकू, वीज आली की सांगा, मग म्हणतो. आगाऊ मेला.
जाऊबाईंना 'झकास' एका दमात येईना. 'झ'वरच धाप. ठरलं, त्यांनी नुसतं हसायचं.

९ मार्च
सर्वेवाली घरी. जाऊबाई हसल्या, मग खोकल्या, मग खोकतच राहिल्या. मी सांगितलं, फार हसतात हो, ठसका लागतो. मला विचारलं, एकट्या पडलात, त्रास होतो का? म्हटलं, हे गेल्यापासून घोरणं बंद, झोप झकास. पोरगी खुदकन हसली. खिशात घातली समजा.

११ मार्च
समोरच्या बेटावर सगळे रडले म्हणे. नळ, रस्ता, कंबर, काही सोडलं नाही. लाज कशी वाटत नाही! शेवटचा नंबर पक्का. वाईट वाटलं. फार नाही.

२ एप्रिल
निकालाचा फोन. आम्ही पहिले! विचारलं, बोट कधी? म्हणाली, काकू, बोट समोरच्या बेटाला. त्रास जास्त तिथं गरज जास्त. तुम्हाला 'सुखी बेट' अशी पाटी मिळेल.
म्हटलं, अगं, पुन्हा विचार, आम्ही फार दुःखी आहोत. ती हसली. म्हणाली, तुमचा विनोदी स्वभाव रिपोर्टमध्ये घेतलाय.
जाऊबाईंना अजून सांगितलं नाही. धक्का सोसायचा नाही त्यांना. (पोस्टमास्तरांनी सांगितलं.)

८ एप्रिल
होडीनं समोरच्या बेटावर गेलो. जाऊबाई वाटभर गप्प. दम राखत असतील.
दवाखान्याच्या बोटीपुढे रांग लांब. आधी तिथली माणसं, मग पाहुणे. उन्हात उभ्या राहिल्या बिचाऱ्या. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, कशाचा त्रास होतो? इतकी धाप लागलेली, तरी शब्द स्वच्छ आला. ही, म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.
डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं.
बाहेर बायकांनी विचारलं, कुठल्या बेटावरच्या तुम्ही?
सांगितलं नाही.