तिला भीती वाटते म्हणे

प्रिय बाळ,

तू तिकडे पोटासाठी राबतेस, उगाच घोर नको म्हणून मी इकडचं बरंच कळवत नाही. आता राहवत नाही. माझं शिकणं बेताचं, मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

तुझी लेक जेवताना रोज टीव्हीवर तो जोड्या जुळवायचा कार्यक्रम लावते. एक पोरगा, त्याच्याभोवती घोळकाभर पोरी. मीही बघतो, न बघून जातो कुठे? त्यात एकीने बंद पडलेला पाण्याचा पंप स्वतःच चालू केला. तिला त्याच दिवशी घरी धाडलं. पोरगा म्हणाला, हिला माझी गरजच काय? मला हसू आलं. तुझी लेक हसली नाही. घास हातात तसाच.

पुढे आपल्या दुरुस्तीच्या दुकानात एक मुलगा येऊ लागला. आज पंखा, उद्या मिक्सर. कशासाठी, ते तू ओळखलं असशीलच. माझे हात कापायला लागल्यापासून पंख्या-मिक्सरच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून तीच भरते, बारीक तारेचा एक वेढा चुकत नाही. एकदा तो म्हणाला, द्या, मी जोडतो. वायर भलतीकडेच लावली. तिला दिसत होतं, बाळ. मी खोकलो, तिने ढुंकून बघितलं नाही. बटण दाबलं, धूर निघाला, तिनेच भरलेली मोटार गेली. आणि ही टाळ्या वाजवून म्हणते, तुम्ही हात तरी घातलात, मला तर भीतीच वाटते! भीती! हिला! आवाजसुद्धा त्या पोरींसारखा, बारीक.

घरी मी रागावलो. तर म्हणाली, आजोबा, तुम्हाला काय कळतंय, हुशार पोरी तिथे पहिल्या आठवड्यातच बाहेर जातात. त्या दिवसापासून तिने मोटारींना हात लावला नाही. आता दुकानाला कुलूप आहे. तिने नखं वाढवली आहेत.

लिहायचं कारण असं, की मुलाकडचे तुला लग्नाचं विचारायला फोन करतील. पोरीने बजावलंय, आईला आधीच कळवा, मोटारींचं अवाक्षर काढायचं नाही. तू काय सांगायचं ते तू ठरव. मुलाची आई काल येऊन गेली. तिने मला विचारलं, दुकान आधी कोण बघायचं? मी म्हणालो, मीच की, पोरीला यातलं काही कळत नाही. तेव्हा तुझ्या लेकीने माझ्याकडे बघितलं. इतक्या मायेने तिने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

तुझाच,
बाबा